विहिरीवरची भिंत

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारले, आजी, विहीर कुठे गेली? मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा जुने घर होते. विहिरीवर मधोमध भिंत होती आणि भिंतीखालच्या फटीतून तिने पलीकडच्या आजीला बिस्किट दिले होते. तेवढे तिच्या लक्षात राहिले आहे. मी फोन घेऊन खाली गेले आणि तिला पार्किंग दाखवले. खांब, खांबांवर पिवळे-काळे पट्टे, एक पांढरी गाडी. ती म्हणाली, पण विहीर? मला तिथे उभे राहून सांगता येईना, म्हणून लिहून पाठवते. बाबा वाचून दाखवतील. मधले नियमांचे कंटाळवाणे वाटेल, पण ते गाळले तर पुढचे कळणार नाही.

टिळकवाडीतली ही जागा तुमच्या पणजोबांनी घेतली. ते कोर्टात नोकरीला होते. त्यांना दोन मुलगे. थोरले तुमचे आजोबा, धाकटे पलीकडच्या आजीचे यजमान. वाटणी त्यांनी आपल्या हयातीतच करून दिली, मागे भांडण नको म्हणून. एकाला पुढची बाजू आणि एकाला मागची, असे करता आले असते. पण मग मागच्याला रस्त्यावर दार राहिले नसते, बोळातून ये-जा करावी लागली असती आणि त्याच्या मनात ते कायम राहिले असते. म्हणून त्यांनी जागा उभी कापली. रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत एक सरळ रेघ. दोघांना रस्त्यावर दार, दोघांना परसात अंगण. ती रेघ नेमकी विहिरीवरून गेली. त्यांनी रेघ हलवली नाही. विहिरीवर लोखंडी गर्डर टाकला, गर्डरवर भिंत चढवली आणि दोन्ही बाजूंना एकेक रहाट बसवला. कागदावर लिहिले, विहीर समाईक. गल्लीतले लोक ती भिंत बघायला आले होते म्हणतात. वाटणी करावी तर अशी, असे बरेच दिवस बोलले जायचे. मी लग्न होऊन आले तेव्हाही मला पहिल्यांदा तीच दाखवली होती.

घरे मात्र त्यामुळे चिंचोळी झाली. पुढे बैठकीची खोली, मधे झोपायची, मागे स्वयंपाकघर, मग न्हाणी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. खिडक्या एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला भिंत.

माझी जाऊ खानापूरकडच्या एका गावातली. घरी भातशेती. माझ्यानंतर काही वर्षांनी ती या घरात आली. मी तोवर इंग्रजी शाळेत गणित शिकवायला लागले होते. सकाळी मी आवरायच्या घाईत आणि ती पाणी भरायच्या. तिची बादली पाण्यावर आपटली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आक्का, उठलासा?" मी म्हणायची, उठले. बहुतेक दिवशी एवढेच. आमच्या बाजूला लवकर मोटार बसवली, त्यामुळे मी काही विहिरीवर जात नव्हते. पण त्या वेळी मी मागच्या दारात असायची, डबा भरत. तिला ते माहीत होते.

पुढे तुमचे आजोबा गेले, मग तिचे यजमान गेले. तुमचे बाबा तिकडे परदेशात गेले, मग आत्याही तिकडेच गेली. माझ्या बाजूला मी एकटी राहिले. तिच्या बाजूला तिचा मुलगा, सून, दोन नातवंडे. मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर आहे. तुम्ही त्याला काका म्हणता, तोच.

एका सकाळी ती विहिरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मी उठले म्हटल्यावरही गेली नाही. मग म्हणाली, "आक्का, पोरगं जाणार बगा. तिकडं फ्लॅट बगून आलंय."

मी विचारले, का?

"जागा कुठं हाय? पोरं मोठी झाली. वर दोन खोल्या बांदायला मिळाल्या तर ऱ्हातो म्हणतंय. न्हायतर न्हाय."

मग थोड्या वेळाने भिंतीपलीकडूनच, "मला काय, मी हितं बी ऱ्हाईन एकटी. पर तुमचं एकटीचं बगते न्हवं मी."

तिला मला टोचून बोलायचे नव्हते. ती भात शिजला का नाही ते सांगावे तसे बोलत होती. मी डब्याचे झाकण लावून आत आले. शाळेची नोकरी कधीच संपली होती, डबा मी नुसती सवय म्हणून भरत होते, दुपारी तोच खायची.

मी आधी माझ्या बाजूच्या दोन खोल्या वापरा म्हणून सांगितले. पुतण्या नको म्हणाला. वाटणी झालेल्या घरात दुसऱ्याच्या वाट्यात राहायचे नाही, ही आमच्याकडची रीत तुम्हाला विचित्र वाटेल. भिंतीला दार पाडणे तर कोणाच्या डोक्यातही आले नाही. तो म्हणाला, मोठी आई, उद्या दादाच्या मनात यायला नको की आम्ही शिरलो. दादा म्हणजे तुमचे बाबा. त्यांच्या मनात असे काही आले नसते, हे मलाही माहीत होते आणि त्यालाही.

तेव्हा वर बांधायचे ठरले. बांधकामाचे नियम इथल्या सरकारी रीतीप्रमाणे इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होते. पुतण्याने ते माझ्या फोनवर पाठवले, कारण असले इंग्रजी सावकाश वाचणारी घरात मीच. मी छापून आणले, पेन्सिल घेऊन बसले आणि चार संध्याकाळी वाचले. मला ते वाचायला आवडले, हेही लिहून ठेवते. शहरात कुठे काय बांधायचे, किती उंच, किती दाट, याला एक शिस्त असते. आपल्या जागेच्या चारी बाजूंनी काही जागा मोकळी सोडावी लागते, तिला सेटबॅक म्हणतात. शेजाऱ्याला उजेड मिळावा, वारा यावा, आग लागली तर बंबाला जाता यावे म्हणून. समोरचा रस्ता जितका रुंद, तितके वर चढता येते. जास्त घरांची इमारत असेल तर जागाही तशी मोठी लागते, प्रत्येक घरामागे गाडीची जागा लागते आणि काही जागा पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखावी लागते. मी एकेका नियमाखाली रेघ मारत गेले. एकही नियम मला चुकीचा वाटला नाही.

इंजिनिअर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने टेबलावर नकाशा पसरला, पट्टी ठेवली, दोन्ही बाजूंचे सेटबॅक आखले आणि मधे जे उरले ते बोटाने दाखवले. ती साधारण आपल्या बोळाएवढी जागा होती.

"टीचर, ह्या दोन पट्ट्या आहेत," तो म्हणाला. "प्लॉट नाही. रुंदीतून दोन्ही बाजू वजा केल्या की काय उरतं, ते तुम्हीच शिकवलंय की आम्हाला."

पुतण्या म्हणाला, सगळे बांधतातच की, मग बघू. पण आमच्या मागच्या गल्लीत एकाने असेच बांधायला घेतले होते. त्याला नोटीस आली. त्याच्या स्लॅबवरच्या सळ्या अजून तशाच उभ्या आहेत, गंजलेल्या, वर कपडे वाळत घालतात. ते रोज बघणाऱ्या माणसाचा धीर होत नाही. पुतण्याचाही झाला नाही.

इंजिनिअरने दुसरा रस्ता सांगितला. दोन्ही पट्ट्या पुन्हा एक केल्या तर तो चांगला चौकोनी प्लॉट होतो. त्यावर अपार्टमेंटची परवानगी मिळते. बिल्डर बांधेल, काही घरे तो घेईल, एक मला, एक जावेला, एक पुतण्याला. घरे वेगळी, पण एकाच जिन्याची. मुलगा वरच्या मजल्यावर, आई खालच्या. त्यासाठी माझी सही लागणार होती. माझे घर पडणार होते.

पुतण्याने मला विचारले नाही, सुनेनेही नाही. जावेनेच विचारले, विहिरीवर.

"आक्का, मी म्हणनार न्हाय तुमास्नी. तुमचं चांगलं चाललंय. पर त्यो म्हणतोय, असं झालं तर जाणार न्हाय."

मी म्हटले, करू या.

पलीकडून बादली पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्या रात्री तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, आई, तुला काय वाटतं ते कर. मी विचार करून बघितला, मला काय वाटते आहे. काही सापडले नाही. मी त्यांना सांगितले, मला चालेल.

जावेची एकच इच्छा होती, तळमजल्यावर घर मिळावे. तिचे गुडघे दुखतात आणि तिला दारात माती लागते. इंजिनिअरने समजावले की आमच्या गल्लीच्या रुंदीला जेवढी उंची मिळते, त्यात तळ गाड्यांसाठी मोकळा सोडला तरच वर पुरेशी घरे बसतात. तळमजल्यावर एक घर घातले तर वरचे गणित मोडते, गाड्यांची जागाही कमी पडते. तो हे सांगत असताना ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हंजे मोटारीला खाली घर आणि माणसाला वर," ती म्हणाली. "बरं हाय की."

इंजिनिअर हसला. ती पण हसली. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

दोन जागा एक करायच्या तर त्या कागदाप्रमाणे प्रत्यक्षातही एक दिसायला हव्यात, असे सांगण्यात आले. कार्यालयातून माणूस बघायला येणार होता. त्याच्या आधी घरापुढची आणि परसातली भिंत पाडायची होती. गवंडी सकाळी आले. पुढचा भाग लवकर पडला. विहिरीवरचा शेवटी ठेवला होता. दोन-तीन विटा पाण्यात पडल्या, मग त्यांनी फळ्या टाकल्या आणि बाकीची भिंत वरच्या वर काढली. जाऊ तिच्या मागच्या दारात उभी होती, मी माझ्या. भिंत गेल्यावर आम्ही एकमेकींसमोर होतो, मधे विहीर. इतक्या वर्षांत तिला मी दारात बघितले होते, लग्नकार्यात बघितले होते, पण विहिरीवर कधी बघितले नव्हते. तिच्या बाजूच्या काठाच्या दगडात दोराने खोल चर पडले होते. माझ्या बाजूचा दगड कोरा होता, त्यावर मी कुंड्या मांडल्या होत्या, उंचीप्रमाणे.

"तुमची बाजू लई स्वच्छ हाय की, आक्का," ती म्हणाली.

कार्यालयातल्या माणसाने कन्नडमध्ये विचारले, विहीर कोणाची? तिने कन्नडमध्येच सांगितले, दोघींची. त्याने मान हलवली आणि फोटो काढला. विहीर बुजवायची नाही असे ठरले. नव्या इमारतीला पावसाचे पाणी जिरवायची सोय दाखवावी लागते, ती आमच्याकडे आयतीच होती. इंजिनिअरने नकाशावर तिच्याभोवती गोल काढला आणि खांब तिच्यापासून लांब सरकवले.

मग आम्ही घरे सोडली. मी टिळकवाडीतच एका बाईंच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जाऊ मुलाबरोबर गेली. त्यांनी उद्यमबागेच्या पलीकडे, खानापूर रस्त्याला जागा घेतली, त्याला कामाला जवळ म्हणून. फार तर वर्ष, असे सगळे म्हणत होते.

परवानगीला वेळ लागला. कधी कन्नड भाषांतर लागायचे, कधी पणजोबांच्या कागदावरची हद्द आणि मोजणीची हद्द जुळायची नाही. मग पाया, मग पाऊस, मग स्लॅब. मी आठवड्यातून एकदा जाऊन बघत असे, कुठवर आले. छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची. कुठे स्वयंपाकघर होते ते सुरुवातीला दिसायचे. पुढे खांब आल्यावर अंदाज राहिला नाही.

जावेचा फोन यायचा. सकाळीच. "आक्का, उठलासा?" मी उठले म्हणायची. मग ती थोडे बोलायची, फोनवर ती जास्त बोलते. पोरांच्या शाळेची बस तिथे फाटकापाशी येते. सुनेला जवळच्या बालवाडीत नोकरी मिळाली. मुलगा दुपारी जेवायला घरी येतो, चालत. समोर मैदान आहे, धाकटा तिथे क्रिकेट खेळतो. मी ऐकत असे. तिने त्यातून कधी काही अर्थ काढून दाखवला नाही. मलाही त्यात काही दिसले नाही.

वास्तुशांत एकाच दिवशी तिन्ही घरांची केली. भटजी एका घरातून दुसऱ्या घरात जात होते. माझे घर दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोर दार तिचे. मुलाचे तिच्या डोक्यावर. जेवणे झाल्यावर पुतण्या माझ्या बाल्कनीत आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोठी आई, आम्ही सध्या तिकडंच राहावं म्हणतोय. पोरांची शाळा आहे. हिची नोकरी. हे घर भाड्याने देतो." मग म्हणाला, "आईला तुम्ही सांगाल?"

मी सांगितले. ती माझ्या स्वयंपाकघरात पूजेचे तबक पुसत होती. तिने पुसणे थांबवले नाही.

"बरं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने विचारले, "आनि आल्यावर मोटार कुठं लावणार मग त्यो?"

मी म्हटले, त्याची जागा भाडेकरूला जाईल, घराबरोबर.

ती म्हणाली, व्हय, जाईलच की.

मुलाने संध्याकाळी तिला म्हटले, तू चल आमच्याबरोबर, तुझी खोली आहे तिथे. तिची खोली होती हे खरे, कोपऱ्यातली, खिडकी असलेली. मी दारात चपला घालत होते. ती म्हणाली, "आक्कास्नी मीच उठिवलं घरातनं. तुझ्यासाटी. आता त्यास्नी हितं ठेवून मी कुठं जाऊ?"

सून मुलांच्या चपला शोधत राहिली. मी जिन्यात जाऊन उभी राहिले, कारण मी ऐकले आहे हे कोणाला कळावे असे मला वाटत नव्हते. लिफ्टचा दिवा चालू-बंद होत होता, अजून कोणी नीट बसवला नव्हता.

ती तेव्हापासून इथे आहे, माझ्या समोरच्या दारात. भाडेकरू चांगले आहेत, बँकेत नोकरीला आहेत, वर फार आवाज करत नाहीत. आमच्या मधे आता जाड भिंत आहे आणि दोन दारे. तिची बादली ऐकू येत नाही, तिला बादली लागतही नाही. सकाळी ती फोन करते. मी उठले म्हणते. मग मी चहा करते. कधी ती इकडे येते, कधी नाही. आली की बेल वाजवते आणि मी दार उघडेपर्यंत बाहेर उभी राहते. दार उघडेच असते, मी तिला सांगितले आहे.

आता विहिरीचे. इमारत पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या गाड्यांची जागा दाखवावी लागली. विहिरीवर काँक्रीटचे झाकण घातले आहे, मधे लोखंडी दार, पावसाचा पाइप त्यात सोडला आहे. आजूबाजूला खांब नसल्यामुळे तेवढीच जागा ऐसपैस होती. तीच पाहुण्यांसाठी ठेवली. फरशीवर पिवळ्या रंगात इंग्रजीत आणि कन्नडमध्ये तसे लिहिले आहे. जावेने मला वाचायला लावले, मी वाचून दाखवले.

पुतण्या दर रविवारी येतो. मुलांना घेऊन, कधी सुनेला घेऊन. लांब काही नाही, गाडीने पाव तासही लागत नाही. पहिल्या रविवारी तो गाडी घेऊन खाली आला आणि त्याला आपली जागा मिळेना, तिथे भाडेकरूची गाडी होती. तो आरसे बघत मागेपुढे करत राहिला. जाऊ वरून, माझ्या बाल्कनीतून बघत होती. मग तिने खाली वाकून त्याला हाताने दाखवले, तिकडे लाव, तिकडे. त्याने पिवळ्या अक्षरांवर लावली.

ती आत आली आणि पोह्यांना फोडणी घातली.

धाकटे, विहीर तिथेच आहे. तू फोनवर बघितलीस ती पांढरी गाडी काकाची आहे. तुमच्याकडे शनिवार संपत आला असेल, आमच्याकडे रविवारची सकाळ होती.